गादीखालचा पापुद्रा

२१ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठकू,

आज सकाळी उठलो, दाढी केली, चहा घेतला, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. मग तुझ्या आईचा तो उंच विद्यार्थी आला, ज्याला ती जिराफ म्हणायची. आपलं दार त्याला पुरतं, तरी तो वाकूनच आत येतो. दुपारपर्यंत थांबला. जेवायला वाढतो म्हटलं तर नको म्हणाला. तो गेल्यावर तुला फोन केला, आणि तू फोन ठेवल्यावर टेबल पुसून हे लिहायला बसलो. दिवस एवढाच झाला.

फोनवर मी तुला एवढंच म्हणालो की एकदा हृदयाची तपासणी करून घे, आजच्या आज जमलं तर बघ. तुला ते विचित्र वाटलं असणार. जेवलीस का आणि तिकडे थंडी पडली का, या दोन प्रश्नांपुढे माझी गाडी एरवी जात नाही. तू आधी हसलीस. मग म्हणालीस, "बाबा, आई गेली म्हणून तिची ड्यूटी तुम्ही घेऊ नका. मी रोज सकाळी तासभर पोहते, मला काय धाड भरलीये?" मला पुढचं वाक्य सापडेपर्यंत तुला ऑफिसातल्या कोणीतरी हाक मारली. ते तासभर पोहणं ऐकलं आणि फोन बंद झाला तरी मी तो कानाला धरून उभाच होतो. नंतर दोनदा लावला, तू उचलला नाहीस. शेवटी निरोप टाकला, की उद्या पाण्यात उतरू नकोस, कारण पत्रात कळवतो. तू तो वाचल्याची खूण आली. उत्तर आलेलं नाही. पेन मध्ये मध्ये खाली ठेवून मी तेच बघतो आहे.

तुझी आई म्हणायची, ह्यांच्या तोंडून वाक्य काढायचं म्हणजे बरणीचं गच्च बसलेलं झाकण उघडायचं. खरं आहे. पण लिहिताना मला कोणी घाई करत नाही आणि मध्येच कोणी फोन ठेवत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो. यातलं बरंच तुला माहीत आहे. तरी वाच, कारण आपल्याला जे पक्कं माहीत होतं त्यातच चूक निघाली आहे.

तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस तेव्हा आईने प्रयोगशाळेतून डब्याच्या पिशवीत घालून दोन लांब पट्ट्या आणल्या होत्या. कांद्याच्या सालीसारख्या पातळ, किंचित दुधट. तू त्यांना पापुद्रा म्हणालीस आणि तेच नाव घरात पडलं. हातात धरलं तर वजनच लागत नव्हतं. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासत फिरलेल्या माझ्यासारख्याला बिनवजनाची वस्तू जरा संशयास्पदच वाटते. आईने एक टोक माझ्यापुढे धरलं. "बोट ठेवा, हलकं." मी ठेवलं, तर लॅपटॉपवरची रेघ उसळली. "आता नुसती फुंकर." फुंकर मारली, तरी उसळली. दाब पडला की त्यातून इवलीशी वीज निघते, एवढं मला कळलं. तो पदार्थ जमून यायला तिची कितीतरी वर्षं गेली होती. कधी तो वाळताना तडकायचा, कधी दमट हवेत त्याला काही कळेनासं व्हायचं. "आज माझा पापुद्रा बहिरा झालाय," असं म्हणत ती चपला काढायची, आणि त्या संध्याकाळी आपण दोघं तिच्या वाटेला जायचो नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. नवीन वस्तू बाहेरच्या कोणाला लावण्याआधी करणाऱ्याने ती स्वतःच्या घरी वापरायची. एकाने बुटात पट्ट्या घालून वर्षभर चालून काढलं, एकीने बाळाच्या पाळण्याला लावल्या. तुझ्या आईने आमच्या पलंगाला लावल्या. गादीखाली, बरोबर छातीखाली येतील अशा, एक तिच्या जागी आणि एक माझ्या. पायथ्याशी स्टूल, स्टुलावर पेटी, पेटीवर हिरवा दिवा. दोघं आडवे झालो की ती बटण दाबायची आणि सकाळी उठल्याबरोबर बंद करायची. आमच्यापैकी कोणी गावाला गेलं तर पेटी बंदच राहायची. एकाचा श्वास गादीतून दुसऱ्याच्या पट्टीपर्यंत पोचतो आणि दोघं असलो तरच तो वजा करता येतो, असं काहीसं तिचं म्हणणं होतं. म्हणजे इतक्या वर्षांत त्या पलंगावर एकटं माणूस असताना ती पेटी एकदाही चालू नव्हती.

सकाळी चहाबरोबर रेघा बघायच्या. वर तिची, खाली माझी. श्वासाची मोठी लाट, आणि लाटेच्या अंगावर हृदयाचे बारीक ठोके. तिची रेघ शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी, एकाखाली एक, एकसारखी. माझी मात्र बरी चालता चालता मध्येच अडखळायची. एक ठोका गिळल्यासारखा व्हायचा, मग तीनचार घाईघाईने यायचे, मग पुन्हा सरळ. रोज नाही, पण पुन्हा पुन्हा. तुझ्या आईने त्याला नावच दिलं होतं, अडखळ. तू सुट्टीला आलीस की पहिला प्रश्न तोच विचारायचीस, बाबा काल अडखळले का? आणि ती कौतुकाने म्हणायची, "माझं बघ, घड्याळ आहे घड्याळ. तुझ्या वडिलांचं दुरुस्तीला टाकायला हवं." मी म्हणायचो, काटा खोटा असेल. त्यावर ती खरोखर चिडायची. माणूस खोटा असेल, पापुद्रा खोटा नाही.

त्या पापुद्र्यापायी तिने मला किती जपलं ते तू पाहिलं आहेस. माझं मीठ कमी केलं. तिन्ही मजले सामानाच्या पिशव्या स्वतः वर आणायची, मला हात लावू द्यायची नाही. मी मागून मोकळ्या हाताने चढायचो आणि शेजारचे बघून न बघितल्यासारखं करायचे. दुसऱ्या मजल्यावर ती पिशव्या टेकवून उभी राहायची. दम लागला का विचारलं तर म्हणायची, तुमच्यासाठीच थांबलेय. मला ते खरं वाटायचं. तिलाही वाटत असेल.

हृदयाच्या डॉक्टरांकडे तिने मला तीनदा नेलं. दर वेळी ईसीजी काढला, कमरेला यंत्र बांधून एक अख्खा दिवस हिंडवलं, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. काही निघालं नाही. शेवटच्या खेपेला डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, ह्यांचं हृदय आणखी तीस वर्षं चालेल. तुमचं यंत्र तपासा." ती घरी येईपर्यंत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होती. पण त्या आधी, पहिल्या भेटीत, डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला होता. तुमच्या घराण्यात तरुणपणी अचानक कोणी गेलं आहे का? झोपेत, पळताना, पाण्यात? मी आठवून सांगितलं की नाही, आमच्याकडची माणसं ऐंशीच्या आत हलत नाहीत. डॉक्टरांनी मान डोलावली. तुझी आई शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तपासणी माझी होती, म्हणून प्रश्न माझ्या घराण्याचा होता. तिला कोणी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

सप्टेंबरातली ती सकाळ मी पुन्हा लिहीत नाही. मी आधी उठलो आणि ती उठली नाही, एवढंच. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं, झोपेतच, काही कळलंही नसेल. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई. मी मान हलवत राहिलो. माझ्या डोक्यात एकच होतं, की अडखळणारा मी आणि गेली ती. तूसुद्धा जिन्यात मला धरून तेच म्हणालीस, आठवतं? "बाबा, तुमची तयारी ठेवली होती हो मी मनात. हिची नव्हती." मला त्याचा राग आला नाही. माझीही माझीच तयारी होती.

तू परत गेलीस आणि मी पुन्हा आमच्या खोलीत झोपायला लागलो. पेटी चालूच होती. त्या सकाळी बटण बंद करायला ती नव्हती, आणि नंतर माझा हात धजला नाही. शेवटचं तिनेच दाबलेलं होतं ना. मी माझ्या जागी, काठाला निजायचो. तिच्या बाजूला चादरीवर सुरकुती पडू द्यायचो नाही. हे तुला कधी बोललो नाही, पण मला त्या खोलीची भीती वाटायला लागली होती. तो हिरवा दिवा बघतो आहे असं वाटायचं. तिच्या बाजूची गादी खाली वर होते असं वाटायचं, आणि मी श्वास रोखून धरला की ती हालचालही थांबायची. माझ्याच श्वासाने गादी हलते हे मला कळत होतं. कळून भीती जात नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे. मला भीती वाटायची ती कोणी आहे याची नव्हती. त्या पेटीला माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे आणि ती ते आज ना उद्या सांगणार, अशी होती.

पेटीतल्या रेघा घरातल्या इंटरनेटवरून प्रयोगशाळेत जातात. आईच्या मागे तिचं काम जिराफकडे आलं. त्याने दोन महिने तिच्या घरच्या नोंदी उघडल्या नाहीत. मॅडमचं नाव वर दिसतं, ते बघवत नाही म्हणाला. गेल्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी विचारलं म्हणून उघडल्या. आणि आज सकाळी माझ्यासमोर खुर्चीत बसून, चहा गार करून, तो छताकडे बघत म्हणाला, "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?" म्हटलं, विचार. "मॅडमच्या जागी हल्ली कोण झोपतं?"

ठकू, मला आधी त्याचा अर्थच कळला नाही. मग कळला आणि कानशिलं तापली. मी म्हणालो, अरे, साठी उलटलेला माणूस मी, काय विचारतोस हे! तो इतका घाबरला की उभा राहताना टांगलेल्या दिव्याला डोकं आपटून घेतलं. "तसं नाही हो काका! म्हणजे तुम्हीच त्यांच्या जागी सरकला असाल असं मला वाटलं. माणसं सरकतात. माझी आजी सरकली होती." मी सांगितलं की मी माझ्या जागेवरून बोटभरही हललेलो नाही. तो पुन्हा खाली बसला. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वरची रेघ, जिच्यापुढे तुझ्या आईचं नाव आहे, ती चालू होती. कालची, परवाची, तेरवाची. एकाखाली एक, घड्याळासारखी. खालची, माझ्या नावाची, आडवी, जवळजवळ सपाट होती. त्याने मागे मागे नेत सप्टेंबरातली ती रात्र आणली. तिथे वरची रेघ, तिची, सकाळपर्यंत शांत चाललेली. खालची अडखळली, पुन्हा अडखळली, मग बारीक थरथर झाली, आणि संपली. त्या पडद्यावर ती जिवंत होती. मी मेलो होतो.

आम्ही दोघं आतल्या खोलीत गेलो. जिराफ म्हणाला, "काका, जरा निजता का? तुमच्या जागी." भर दिवसा, बुशशर्ट घालूनच, मी पलंगावर पाठ टेकली. तो पायथ्याशी उभा, हातात लॅपटॉप. "आता खोका." खोकलो. त्याचा चेहरा मला दिसत होता. तिच्या नावाची रेघ उसळली असणार, कारण त्याने लॅपटॉप आणखी जवळ धरला. मग म्हणाला, "आता... पलीकडे." मी तिच्या जागी सरकलो. इतक्या वर्षांत मी त्या जागी कधी निजलो नव्हतो. तिथून खिडकी दिसत नाही, कपाटाचं दार दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी खोकलो, आणि त्याने लॅपटॉप मिटला.

नावांची ही अदलाबदल कशी झाली ते त्याने मला तिथेच सांगितलं, भिंतीला टेकून, खाली बसून. पट्ट्या घालताना तुझी आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, कारण पेटी तिथे होती. पायथ्याहून बघितलं की माझी जागा डाव्या हाताला येते. तिने माझ्या पट्टीच्या तारेवर 'डावी' अशी चिकटपट्टी लावली. प्रयोगशाळेत तेच करतात. नमुना टेबलावर, माणूस अलीकडे, डावं म्हणजे बघणाऱ्याचं डावं. संगणकात नावं घालायचं काम जिराफचं. त्याने तिला फोन करून विचारलं, मॅडम, तुम्ही कुठल्या बाजूला झोपता? आणि ती चटकन म्हणाली, मी डावीकडे. कारण पलंगावर निजून बघितलं तर ती माझ्या डावीकडेच असायची. चिकटपट्टी लावताना ती संशोधक होती आणि उत्तर देताना बायको होती. त्याने 'डावी'पुढे तिचं नाव लिहिलं. तारेपासून कागदापर्यंत बाकी सगळं बरोबर होतं. डॉक्टर खोटे नव्हते आणि पापुद्राही खोटा नव्हता. जिराफ दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणत होता, "मी परत विचारायला पाहिजे होतं, काका, एकदा परत." मी त्याच्या शेजारी फरशीवर बसलो. मी म्हटलं, बाळा, आम्ही त्या पलंगावर रोज निजत होतो, आम्हाला दोघांना नाही कळलं. तुला कसं कळणार? मी त्याला पाणी दिलं. निम्मं खाली सांडलं.

म्हणजे अडखळत होती ती तुझी आई. मीठ माझं कमी झालं, पळवलं मला, आणि पिशव्या तिने उचलल्या. रोज सकाळी ती स्वतःची रेघ बघून माझी काळजी करायची.

जिराफसमोरच मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. एवढं लांबलचक मी कधी कोणाशी फोनवर बोललो नसेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, आता दुसऱ्या घराण्याचा. बाईंच्या माहेरी तरुणपणी कोणी अचानक गेलं होतं का? मी तोंड उघडलं आणि मला तुझा मामा दिसला. तू त्याला फक्त फोटोत पाहिलं आहेस, पोहण्याच्या स्पर्धेतलं पदक गळ्यात घातलेलं. सगळ्या गावाने त्याच्याकडून पोहायला शिकावं असा तो होता. एका सकाळी ओळखीच्या तळ्यात सूर मारला तो वर आला नाही. लोक म्हणाले, पाय कशात तरी अडकला असेल. शोधणाऱ्यांना काही अडकलेलं सापडलं नव्हतं. तुझ्या आईने त्यावर कधी चर्चा केली नाही, फक्त तुला पोहायला घातलं तेव्हा पहिले सगळे दिवस काठावर बसून राहिली. आणि डॉक्टरांशी बोलता बोलताच मला तुझी शाळेची शर्यत आठवली. भिंतीला हात लावलास आणि पाण्यातच मान टाकलीस. शिक्षकांनी बाहेर काढलं, दोन मिनिटांत उठून बसलीस आणि पहिलं विचारलंस की नंबर कितवा आला. आई म्हणाली, सकाळी नीट खाल्लं नव्हतंस. तेव्हापासून पोहायच्या आधी तुला केळं मिळायला लागलं. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं हृदय घराण्यातून येतं, एरवीच्या तपासणीत कधी कधी लपून राहतं, आणि पोहणं त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. मग म्हणाले, "मुलगी कुठे असते तुमची?"

तू म्हणशील, बाबा, मामा वेगळा, आई वेगळी, आणि मी त्या दिवशी खरंच उपाशी होते. मीही स्वतःची तशीच समजूत घातली असती. नुसत्या आठवणींवर मी तुला इतकं घाबरवलं नसतं. पण डॉक्टरांचा फोन ठेवल्यावर जिराफने लॅपटॉप पुन्हा उघडला होता. तो सप्टेंबरातल्या त्या रात्रीच्या पुढच्या रात्री बघत होता. त्या रात्रींना वरची रेघ जवळजवळ सपाट होती आणि खालची, माझ्या नावाची, चालू होती. त्याने त्या रेघा आधीही पाहिल्या होत्या आणि काकांची जुनीच अडखळ आहे म्हणून पुढे गेला होता. आता त्याने मला विचारलं, "काका, या रात्री आत कोण होतं?" मी तारखा बघितल्या. त्या दिवसांत मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपत होतो. तूच मला बाहेर पाठवलं होतंस, तुम्हाला आत झोप लागायची नाही म्हणून, आणि स्वतः आईच्या जागी, तिची उशी पोटाशी घेऊन झोपत होतीस. त्याने ती रेघ आणि आईची रेघ एकावर एक ठेवली. एक ठोका गिळलेला, मग तीनचार घाईने, मग पुन्हा सरळ. दोन्ही रेघा तंतोतंत जुळल्या. म्हणून तो जेवला नाही. म्हणून मी तुला फोन केला आणि मला एवढंच बोलता आलं, की तपासून घे. ठकू, हे पत्र देणारा तोच आहे. संध्याकाळी न्यायला येतो. रात्रीच्या गाडीत एकच जागा मिळाली. मी म्हटलं तू जा, डॉक्टरांना रेघा समजावून सांगायला तूच लागशील, मी उद्याच्या गाडीने येतो. सकाळी तू तलावावर निघायच्या आधी तो तुझ्या दारात असेल. वाकून आत येईल, त्याला हसू नकोस. दारात उभ्यानेच वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच आणि पोहण्याची पिशवी तिथेच खाली ठेव. आमच्या डॉक्टरांनी तुझ्या शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं आहे, त्या तुझी वाट बघणार आहेत. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांवर माणसं म्हातारी होतात, असं ते म्हणाले, आणि हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तुझ्या आईला कोणी विचारलं नाही. तुला मी विचारतो आहे, तेही भीत भीत, कारण तू नाही म्हणालीस तर माझ्याकडे दुसरा काही उपाय नाही. तुझं उत्तर अजून आलेलं नाही. प्रवासाला चांगला असा माझा एकच शर्ट आहे आणि तो दोरीवर आहे. वाळला असेल. काढून आणतो आणि इस्त्री करतो.

तुझाच,
बाबा